शेवटची ओळ

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या हल शहरात न फुटलेला बॉम्ब निकामी करायला अधिकारी एकटाच खड्ड्यात उतरे. आपण काय करतोय ते तो टेलिफोनवरून सांगत राही आणि दोन गल्ल्या पलीकडे बसलेला सार्जंट पिकरिंग ते शब्दन् शब्द वहीत उतरवून घेई. घात झालाच, तर शेवटची ओळ वाचून पुढच्याने तेवढी चूक टाळायची, अशी रीत होती.

लेफ्टनंट गारसाइड जाऊन आठवडा झाला होता. त्यांच्या बायकोने, विनिफ्रेडने, रेशनची साखर राखून ठेवली होती, तीच पिकरिंगच्या चहात घातली.

"शेवटी माझं नाव घेतलं का हो त्यांनी?"

"घेतलं ना, बाई. विनीला सांग, म्हणाले."

"खोटारडे! जन्मात कधी विनी म्हणाले नाहीत मला." ती रडता रडता हसली. "आणा ती वही इकडे."

मान खाली घालून त्याने वही पुढे केली. शेवटची ओळ होती, 'आता फ्यूजचं कडं डावीकडे फिरवतोय.'

"तसला बॉम्ब पुन्हा सापडला?"

"परवाच."

"मग पुढच्या साहेबांनी कडं उजवीकडे फिरवलं ना?"

"हो बाई, उजवीकडेच."

"चला, निदान त्यांच्या बायकोचं कपाळ तरी शाबूत राहिलं," म्हणत तिने डोळे पुसले.



पिकरिंग बाहेर पडला आणि पिशवीतली दुसरी, परवाची वही काढून तिच्यावरचा पत्ता शोधत चालू लागला.