दोन कॅमेऱ्यांतला फरक

"नवा कॅमेरा घ्यायचा नाही म्हणजे नाही," दुकानाच्या पायऱ्या चढताना ती पुन्हा एकदा म्हणाली. नवरा तिच्यापुढे होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

तिला त्याचं नवल उरलं नव्हतं. कापडगिरणीतली नोकरी संपली, त्याला पाखरांच्या फोटोंचं वेड लागलं आणि तेव्हापासून घरात हे असंच चाललं होतं. समोर बसली की बोलायचा, हसायचासुद्धा. पाठ वळली की संपलं. स्वयंपाकघरातून तिने काही विचारावं आणि बाहेरच्या खोलीतून हूं की चूं येऊ नये. चार माणसांत जाणंही त्याने सोडलं होतं. उजाडायच्या आत तळ्यावर जाऊन बसायचं, एवढंच त्याला ठाऊक. "सवत परवडली गं, ती निदान भांडते तरी," असं ती बहिणीला हसत सांगायची. हल्ली सांगताना हसू येईनासं झालं होतं.

आज सकाळी तिने एकदाचं बोलून टाकलं. तो खिडकीशी पाठमोरा बसून लेन्स पुसत होता. "भिंतींशी बोलून बोलून कंटाळले मी. पुढच्या आठवड्यात ताईकडे राहायला जाते. कायमची." तिने आवाज चढवला नाही. असलं वाक्य ओरडून बोलायचं नसतं. तो लेन्स पुसत राहिला. मग सावकाश वळला आणि म्हणाला, "कॅमेऱ्याच्या दुकानात येतेस? तुझं मत हवंय."

उभ्या संसाराचं हे उत्तर. तिने मुकाट्याने चपला घातल्या. जायचं तर ठरलंच होतं, पण जाता जाता एकदा तरी याच्या मनासारखं होऊ द्यायचं नाही, अशी तिने मनाशी गाठ मारली.

"अडचण काय येते, काका?" दुकानदाराने विचारलं.

नवरा नेहमीप्रमाणे समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. "पहिला फोटो मिळतो. दुसऱ्याला पाखरू जागेवर नसतं. खंड्या असो, बगळा असो, सगळे पसार. तळ्यावरची तरुण मंडळी माझ्यापासून लांब जाऊन बसतात आणि पोतंभर फोटो घेऊन येतात. त्यांचे कॅमेरे नवे आहेत."

दुकानदाराने त्याचा जुना कॅमेरा हातात घेतला आणि बटण दाबलं. खटाक. पलीकडे बॅग बघत असलेली बाई दचकून वळली.

"हे बघा, आतला आरसा उचलला जातो, त्याचा हा आवाज," दुकानदार म्हणाला. "नव्यात आरसाच नाही. दाबा, तुम्हीच बघा." त्याने नवा कॅमेरा पुढे केला. नवऱ्याने बटण दाबलं. काहीच झालं नाही, नुसता पडद्यावर फोटो उमटला.

"आला ना फरक लक्षात?"

नवरा कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवणारा नव्हता. कांदे पारखून घ्यावेत तसे त्याने दोन्ही कॅमेरे आळीपाळीने पारखले. जुना कानाशी धरला. खटाक, खटाक. नवा कानाशी धरला. मग दोन्ही काउंटरवर ठेवले आणि समाधानाने हसला.

"काही फरक नाही. आवाज याचाही होत नाही, त्याचाही नाही. उगाच खर्च कशाला?"

दुकानदाराला ती थट्टा वाटली. तो हसला आणि मग हसणं अर्धवट सोडून तिच्याकडे बघू लागला.

ती जिंकली होती, तेही न भांडता. क्षणभर तिला बरंही वाटलं. मग ते वाक्य तिच्या डोक्यात नीट शिरलं. त्याचं सगळं आयुष्य गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात गेलं होतं. तिथे कुणाला कुणाचं ऐकू येत नसे, एकमेकांचे ओठ बघूनच कामं चालत. तरुणपणी घरी आल्यावर तो ते नकला करून दाखवायचा आणि ती पोट धरून हसायची.

"अहो," ती त्याच्या पाठीमागून म्हणाली. मग जरा मोठ्याने, "अहो."

दुकानदाराने पाहिलं. पलीकडच्या बाईने पाहिलं. नवरा नव्या कॅमेऱ्यावर उमटलेले बोटांचे ठसे रुमालाने पुसत होता.

इतकी वर्षं जपलेल्या रागाचं आता काय करावं, ते तिला कळेना. वळसा घालून ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"नवा घ्यायचा," ती म्हणाली.

"का? दोन्ही सारखेच तर आहेत."

"जुन्याचा आवाज होतो. पाखरांना तो ऐकू येतो."

त्याने ते तिच्या ओठांवर वाचलं. जुना कॅमेरा त्याने पुन्हा उचलला. मग त्याने एकदाच बटण दाबलं, पण या वेळी कॅमेऱ्याकडे न बघता माणसांकडे बघत. पलीकडच्या बाईने मान वळवली. ते त्याला दिसलं.

"तुलाही येतो?"

तिने मान डोलावली.

तो शेजारच्या स्टुलावर बसला. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. "मग घरात माझं काय काय ऐकायचं राहून गेलं गं?"

"पुष्कळ," ती म्हणाली. दुसरं स्टूल ओढून ती त्याच्या अगदी समोर बसली आणि त्याचा हात तिने हातात घेतला. सकाळचं तेवढं एक सोडून बाकी सगळं त्याला पुन्हा सांगायचं, असं तिने पक्कं ठरवलं.