फोटोत काय दिसतंय?

अंध कुमुदताई आपल्या जुन्या शाळेची नवी वेबसाइट अंधांना वापरता येते का, ते तपासत होत्या. कळ दाबली, तसा संगणक बोलला, “फोटो. गायन स्पर्धा, बक्षीस समारंभ.”

“एवढंच? अरे, दिसतंय काय त्यात?” त्या उखडल्या.

वेबसाइट बनवणाऱ्या हृषीकेशने तो फोटो पहिल्यांदाच न्याहाळला. “मधोमध करंडक घेतलेली, दोन वेण्यांची मुलगी...”

“मीच ती. अजून?”

“सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. मागे दारात एक गृहस्थ मात्र तुमच्याकडे बघून टाळ्या वाजवतायत. पँटला सायकलची क्लिप तशीच आहे.”

“बाबा?” त्यांचा आवाज खाली आला. “मला तर म्हणाले होते, गाण्याबिण्याला मी येणार नाही.”

हृषीकेशने सगळं वर्णन टाइप केलं. ताईंनी कळ दाबली, ऐकलं. पुन्हा दाबली.

“चालतंय ना, ताई?”

“थांब रे, तपासतेय अजून.”