अजून साठ बाकी

तापाने पोर गेलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी बुधी उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावरून थर्मामीटर परत द्यायला आली.

"पोराला वेळेवर आणलं का नाय गो?" नर्स संघरत्ना कडाडली. रजिस्टरात तिने 'आईची हयगय' असं आधीच लिहून टाकलं होतं.

"शंभर झाला की आण, असं तुमीच सांगितलंत ना, बाई? दोन दिस पाऱ्यावरनं डोळा हलवला नाय. चाळीस झाला, तवा म्हटलं, अजून साठ बाकी हाय."

संघरत्नाने थर्मामीटर उजेडात धरला. यंदा वरून सेल्सिअसचे आले होते. आकडे बेचाळीसलाच संपत होते. ती मात्र फॅरनहाइटचा शंभर सांगत फिरली होती.

असलेच अकरा थर्मामीटर अजून पाड्यांवर होते. अकरा आया शंभराची वाट बघत होत्या.