रिकाम्या खोलीचा आवाज

“कट,” म्हणत दिग्दर्शिका केतकीने शाल्मलीला मिठीच मारली. मन ढासळत चाललेल्या बाईवरच्या या प्रायोगिक लघुपटाला केतकीने संवाद लिहिलेच नव्हते. शाल्मली ऐन वेळी बोलेल तोच संवाद.

“आता सगळे गप्प,” ध्वनिमुद्रक इरफान म्हणाला. “नुसत्या खोलीची शांतता रेकॉर्ड करतोय.”

खोली चिडीचूप झाली. शाल्मली मात्र वैतागून भिंतीकडे वळली. “त्यांनाही सांगा ना गप्प बसायला.”

“बाईसाहेब, शॉट संपला,” इरफान हसला.

केतकीही हसली. “कुठून सुचतं गं तुला हे सगळं?”

“मला कुठे सुचतं? ते भिंतीमागून सांगतात, तेच मी म्हणते.” शाल्मली गोंधळली. “प्रॉम्प्टर तूच ठेवलेस ना?”

केतकीने भिंतीकडे पाहिले. त्या भिंतीमागे खोली नव्हती; सातव्या मजल्यावरची नुसती मोकळी हवा होती.