वाक्य कुणी बोलायचं

"त्यांना सांगा, भूल दिल्यावर ते कदाचित उठणार नाहीत," डॉक्टर म्हणाला.

लोरिंडाने मान खाली घातली. समोर खाटेवर तिचे वडील, हॉस्की, मांडीवर हॅट ठेवून बसले होते. त्यांच्या हृदयाची एक झडप गेली होती. शस्त्रक्रिया केली नाही तर हिवाळा निघणार नाही, असं डॉक्टरने तिला बाहेरच सांगितलं होतं.

आम्ही नावाहो, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी. आम्ही उद्याचं वाईट तोंडातून काढत नाही. काढलं की ते घर शोधत येतं. डॉक्टर तरुण होता, लांबून आलेला, स्वभावाने चांगला. त्याच्या भाषेत 'कदाचित मराल' हे 'कदाचित वारा सुटेल' इतक्या सहज म्हणता येतं. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?

लोरिंडा याच इस्पितळात दुभाषी होती. तिने आमच्या रीतीने सुरुवात केली. "बाबा, कुणी एक माणूस होता म्हणे. त्याला असंच औषध देऊन झोपवलं. त्याला जाग येता येईना..."

"मी तर एकच वाक्य बोललो," डॉक्टरने अडवलं. "हे त्यांच्याबद्दलच आहे, असं सांगितलंत ना? ते त्यांना कळल्याशिवाय मला संमतीची सही घेता येत नाही."

दोन वर्षांपूर्वी, नव्या नोकरीच्या उत्साहात, लोरिंडाने याच इस्पितळात, आईच्या शस्त्रक्रियेआधी, डॉक्टरचा शब्द न् शब्द तसाच सांगितला होता. आई, तू कदाचित उठणार नाहीस. आई उठली नाही. तेव्हापासून भांडी घासताना, गाडी चालवताना तिला स्वतःचाच आवाज ऐकू यायचा, आईला ते सांगणारा. वडिलांनी एका शब्दाने तिला दोष दिला नाही. पण ते तिच्याशी मेंढ्या, पाणी, पेट्रोल एवढंच बोलत, तेही दुसरीकडे बघून. तिला काय समजायचं ते ती समजली होती.

"मला नाही जमणार," ती डॉक्टरला म्हणाली. "दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."

"आज दुसरं कुणी नाही. सही नसेल तर त्यांना घरी पाठवावं लागेल."

ती वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्ही..."

"थांब, पोरी," हॉस्की म्हणाले. मग जन्मात कधी जिभेवर येऊ न दिलेलं वाक्य त्यांनी आपल्या भाषेत, सावकाश उच्चारलं. "मला झोपवतील. मी कदाचित उठणार नाही."

ते डॉक्टरकडे वळले आणि तेच पुन्हा म्हणाले, मोडक्यातोडक्या पण स्वच्छ इंग्रजीत. "मी मरेन, कदाचित. कुठे करू सही?"

डॉक्टरने पेन पुढे केलं.

"बाबा, तुम्हाला इंग्रजी येतं?"

"रेल्वेचे रूळ टाकायचो तेव्हा मुकादम काय आपल्या भाषेत शिव्या द्यायचा?"

त्यांनी वाकडीतिकडी सही केली. पेन परत दिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मुलीकडे नीट पाहिलं.

"तुझ्या आईच्या वेळीही डॉक्टरचं बोलणं मला सगळं कळलं होतं, पोरी. माझी जीभ रेटेना, म्हणून तुला बोलू दिलं."