समोरची

बाजार भरून बराच वेळ झाला तरी म्हातारीची नजर समोरच्या जागेवरून हलत नव्हती. तिथे एक दाढीवाला तरुण मधाच्या बाटल्या मांडून बसला होता.

"आई, ऊन आलंय अंगावर. खुर्ची जरा मागे घ्या," आपल्या टेबलावरच्या काकड्या नीट लावत सून म्हणाली.

म्हातारी जागची हलली नाही. जुना बाजार मोडल्यावर कित्येक वर्षं या मैदानात मोटारी उभ्या राहायच्या. त्यांच्यासाठी मारलेले पांढरे पट्टे अजून जमिनीवर होते. आता गावातल्या तरण्या शेतकऱ्यांनी खटपट करून बाजार पुन्हा भरवला होता. एकसारखी टेबलं, एकसारख्या छत्र्या, टोपलीटोपलीत भावाची पाटी. गिऱ्हाईक यायचं, पाटी वाचायचं, काकड्या पिशवीत टाकून चालू लागायचं. आवाज म्हणून कुणाचा नाही. दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटत होतं.

पूर्वी इथे शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. त्या कालव्यातही समोरचीचा आवाज तेवढा वेगळा कळायचा. दोघींकडे काकड्या, दोघींकडे वांगी आणि मधे जेमतेम माणूस जाईल एवढी वाट. गिऱ्हाईक इकडे वळलं की ती ओढून न्यायची, तिकडे वळलं की ही. एकमेकींच्या घरी कधी जाणं नाही, धड नावही ठाऊक नाही. बाजार उठला तशी ती दिसेनाशी झाली. म्हातारीने चार जणांकडे चौकशी केली होती. ती वारली, असंही कुणीतरी म्हणालं होतं.

"मला घरी सोड," म्हातारी म्हणाली. "माझ्यावाचून तुझं काही अडत नाही इथे."

"एवढ्यात कंटाळलात? सकाळी तर माझ्याआधी तयार होऊन बसला होतात."

सून गाडीची किल्ली शोधू लागली.

तेवढ्यात पार टोकाकडून, पाण्याच्या नळापलीकडून हाळी आली.

"काकडी घ्या, कोवळी काकडी. दुसरीकडे घ्याल तर कडू निघेल."

आवाज फाटला होता, मधेच दम लागत होता. छत्र्यांखालची माणसं माना वळवून बघू लागली.

म्हातारी खुर्चीचे हात धरून उठली. तिने घसा खाकरला.

"कडू म्हणणारीची जीभ आधी तपासा. इकडे या, चाखा आणि मग न्या."

"अजून तोंड शाबूत आहे म्हणायचं तुझं," टोकाकडून आलं.

"तुझं बंद करायला ठेवलंय."

मधवाला हसायला लागला. दोनचार गिऱ्हाइकं खरंच टेबलाकडे वळली. सून मात्र लाजेने अर्धी झाली.

"आई, पहिल्याच दिवशी भांडण कशाला? लोक बघतायत."

"भांडतंय कोण?" म्हातारीने मनगटाने डोळे पुसले आणि चाखायला द्यायला काकडी चिरायला घेतली. "बरी आहेस का, एवढं विचारतेय."