रिकामी दोरी

ग्लासगोच्या कालव्यावरल्या पुलावर सेंगाच्या पोराला, रॅबला, कुणी भोसकलं, ते कुणीच पाहिलं नव्हतं. दफनभूमी कालव्यापलीकडच्या वैरी टोळीच्या हद्दीत, म्हणून जिवाला जीव देणारे त्याचे दोस्त घरात दडून बसले. शवपेटी खाली सोडायला जवळच्यांनी एकेक दोरी धरली. दोस्तांसाठी राखलेली तेवढी पडून राहिली.

"गल्लीतले वाघ कुठे गेले आता?" रॅबचा मामा करवादला.

तेवढ्यात भिंतीपाशी उभा असलेला एक काटकुळा पोरगा पुढे आला. त्याने ती दोरी उचलली आणि पेटीला जराही हिसका न बसू देता शेवटपर्यंत सोडली.

सेंगाने त्याचा हात घट्ट धरला. "तू तरी आलास रे बाळा! दोस्त ना तू त्याचा?"



"नाही, मावशी. मी पलीकडचा. पुलावर शेवटी तो तुम्हाला हाका मारत होता... ऐकायला मी एकटाच होतो."